पॅडच्या पाठीवरची चिकट पट्टी

सॅनिटरी पॅडविषयी आता शाळेत, आरोग्य केंद्रात आणि बचत गटांच्या बैठकीत मोकळेपणाने बोलले जाते, ही समाधानाची बाब आहे. किंमत किती, शोषून किती घेते, जाड चांगले की पातळ, याची चर्चा होते. मात्र पॅडच्या पाठीमागे जी दोन बोटे रुंदीची गोंदाची पट्टी असते, तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. वास्तविक पॅड कमरेच्या दोरीशिवाय वापरता येऊ लागले ते या पट्टीमुळेच.

किल्लारी, औसा, निलंगा या भागातील बचत गटांच्या भगिनी पॅड तयार करण्याच्या उद्योगासाठी कर्जाची चौकशी करण्यास बँकेत येत असतात. यंत्राचे कोटेशन, शेडचे भाडे, लगद्याचा भाव, विजेचे बिल असे सर्व काही प्रकल्प अहवालात मांडलेले असते. गोंदाच्या रकान्यात मात्र "गम – किरकोळ खर्च" एवढेच लिहिलेले आढळते. हा किरकोळ खर्च नेमका कशाचा, तो पदार्थ कशाचा बनतो, तो बिघडतो कसा आणि त्याच्यावर एखाद्या लहान उद्योगाचे बरेवाईट कसे अवलंबून राहते, हे साध्या शब्दांत सांगावे या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्याच्या फडक्याची घडी वापरीत आणि ती कमरेच्या नाडीला पुढेमागे अडकवीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पाश्चात्त्य देशांतही फार निराळे नव्हते. तेथे कारखान्यात बनलेले पॅड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळू लागले, पण ते जागेवर धरून ठेवण्यासाठी कमरेला लवचिक पट्टा बांधावा लागे आणि पॅडची लांब टोके त्या पट्ट्याच्या आकड्यांत ओवावी लागत. कोणी सेफ्टी पिना लावीत. १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेत स्टेफ्री आणि न्यू फ्रीडम ही पाठीला गोंद लावलेली पॅड बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत पट्टा इतिहासजमा झाला. भारतात १९८९ मध्ये व्हिस्पर आले आणि दूरदर्शनवरील जाहिरातींमुळे चिकट पट्टीचे पॅड शहरी घरांत माहीत झाले. आपल्या भागात ते पोहोचण्यास आणखी बराच काळ जावा लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर हजारो कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्या शेडमध्ये स्त्रियांनी महिन्याचे ते चार दिवस कसे काढले असतील, याची नोंद फारशी कोठे सापडत नाही. ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच विचारावे लागेल.

आता गोंदाकडे वळू.

गोंद म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाभळीचा डिंक, कणकेची खळ किंवा लिफाफ्याला लावायची गोंदाची बाटली येते. हे गोंद ओले असताना लावायचे आणि वाळल्यावर ते घट्ट धरतात. पॅडच्या पाठीवरचा गोंद या जातीचा नाही. तो कधीच वाळत नाही. तो कायम मऊ आणि चिकट राहतो, नुसत्या बोटाच्या दाबाने धरतो आणि ओढला की सुटतो. या जातीचा गोंद आपल्या घरात रोज असतो, तो म्हणजे टिकलीच्या मागचा. टिकली कपाळावर दाबली की बसते, रात्री काढून आरशावर लावली की तेथेही बसते. चिकटपट्टी, म्हणजे ज्याला आपण सेलोटेप म्हणतो, तीही याच जातीची. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत रिचर्ड ड्रू याने १९२५ मध्ये रंगाऱ्यांसाठी कागदी पट्टी आणि १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टी काढली. पॅडच्या पट्टीचे घराणे तेथवर जाते.

दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचे मर्म त्याच्या मऊपणात आहे. कापडाचा पृष्ठभाग आपल्या डोळ्याला सपाट दिसतो, पण प्रत्यक्षात तो धाग्यांचा आणि त्यावरील बारीक लवेचा उंचसखल प्रदेश असतो. गोंदाला तेथे धरायचे असेल तर त्याने दाबासरशी त्या खाचाखोचांत थोडेसे शिरले पाहिजे. गोंद कडक असला तर तो नुसता लवेच्या टोकांवर टेकतो आणि दोन पावले चालताच सुटतो. थ्री-एममधील कार्ल डालक्विस्ट या शास्त्रज्ञाने याचे मोजमापच घालून दिले. पदार्थाचा ताठरपणा सुमारे तीन लाख पास्कलपेक्षा कमी असेल तरच तो बोटाच्या दाबाने चिकटतो, त्याहून ताठर असेल तर चिकटत नाही, असा त्याचा निकष आजही या धंद्यात मानला जातो.

मग गोंद हवा तितका मऊ करावा, असे कोणी म्हणेल. अडचण तेथेच आहे. फार मऊ गोंद खाचाखोचांत खोलवर शिरून बसतो. पॅड काढताना तो कापडावरून सुटण्याऐवजी स्वतःच मधोमध फाटतो. निम्मा पॅडवर राहतो, निम्मा निकरवर. टिकली काढल्यावर कपाळावर जो चिकट ठिपका राहतो तोच हा प्रकार. कपाळ तेल लावून पुसता येते. निकरवर राहिलेला गोंद मात्र धुण्याने जात नाही, त्यावर धूळ आणि लव बसून काळा डाग पडतो आणि तो कपडा पुन्हा घालावासा वाटत नाही. ज्या घरात मुलीला दोनच निकर आहेत, त्या घरात हा डाग म्हणजे निम्मी पुंजी गेली.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. भिंतीवर खळीने लावलेला कागद हाताने बाजूला सरकवू पाहिला तर हलत नाही, पण त्याचा कोपरा नखाने उचलून मागे ओढला की सरसर निघतो. पहिल्या वेळी सगळ्या क्षेत्रफळावरील गोंद एकदम विरोध करतो, दुसऱ्या वेळी केवळ एका रेषेवरचा. बाई चालते, वाकते, सायकल चालवते, डोक्यावर भारा घेते तेव्हा पॅडवर येणारा ताण मुख्यतः सरकवणारा असतो. काढताना मात्र ती एका टोकापासून सोलून काढते. सरकण्यास जास्तीत जास्त विरोध आणि सोलण्यास बेताचा, असा गोंद साधणे हेच या कामातील खरे कसब होय. काळ हाही एक घटक आहे. पॅड लावताना गोंद जेवढा चिकटतो त्यापेक्षा सहा-आठ तासांनी, अंगाच्या उष्णतेने आणि बसण्याच्या वजनाने, तो जास्त चिकटलेला असतो. त्यामुळे लावतानाची चिकटाई पाहून गोंद निवडणारा फसतो. प्रयोगशाळेत म्हणूनच पट्टी कापडावर दाबून, वजनाखाली, सुमारे ४० अंश उष्णतेत काही तास ठेवतात आणि मग यंत्राने सोलून किती जोर लागला ते मोजतात.

हा गोंद चार वस्तूंचा बनतो. पहिली वस्तू रबर. हे टायरचे रबर नव्हे. याच्या प्रत्येक लांब रेणूचा मधला भाग रबरासारखा लवचिक असतो आणि दोन्ही टोके पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकची असतात. शेल कंपनीने १९६५ मध्ये क्रॅटॉन या नावाने असे रबर बाजारात आणले. थंड असताना ही कडक टोके एकमेकांजवळ गोळा होऊन बारीक गाठी बनवतात आणि लवचिक भाग या गाठींमध्ये जाळ्यासारखे ताणलेले राहतात. शंभर अंशांच्या आसपास तापवले की गाठी सैल होतात, आणखी तापवले की सगळे पाकासारखे वाहू लागते. निवले की गाठी परत बसतात. गुऱ्हाळावर कढईतला गूळ वाहतो आणि ढेपेत घट्ट होतो, तसेच काहीसे. फरक एवढाच की गूळ निवल्यावर ठिसूळ होतो आणि हे रबर निवल्यावर लवचिक राहते. पाणी नको, रॉकेलसारखे द्रावक नको, वाळत घालणे नको. यंत्रावर गरम ओतले की काही क्षणांत काम झाले. म्हणून याला गरम वितळवून लावायचा गोंद, किंवा कारखान्याच्या भाषेत हॉट मेल्ट, म्हणतात.

नुसते रबर ताणते, पण चिकटत नाही. त्याला चिकटपणा देते ती दुसरी वस्तू, राळ. चीडच्या झाडाची राळ आपल्याला परिचित आहे. तिच्यावर प्रक्रिया करून किंवा खनिज तेलाच्या उद्योगातून मिळणाऱ्या पदार्थांपासून कृत्रिम राळ बनवतात. गोंदात निम्म्याच्या आसपास भाग राळेचाच असतो. तिसरी वस्तू खनिज तेल. ते गोंद मऊ करते, वितळल्यावर पातळ ठेवते आणि, सांगायलाच हवे, स्वस्तही करते. चौथी वस्तू अगदी चिमूटभर, टक्का-अर्धा टक्का. ती गोंदाला हवेतील प्राणवायूने जळण्यापासून वाचवते. ही नसली तर भांड्यात तापवताना गोंद पिवळा-तांबूस होतो, त्याला वास येऊ लागतो आणि चिकटाई जाते.

या चारांचे प्रमाण जुळवणे म्हणजे भाजीत तिखट-मीठ जुळवण्यासारखेच आहे, पण येथे एक घटक बदलला की बाकीचे तिन्ही हलतात. राळ वाढवली तर उन्हाळ्यात झकास चिकटतो, हिवाळ्याच्या पहाटे मात्र काचेसारखा कडक होऊन धरत नाही. तेल वाढवले तर थंडीतही मऊ राहतो, पण ते तेल महिन्या-दोन महिन्यांत पाठीच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात झिरपते, पापुद्रा सुरकुततो आणि गोंद कोरडा पडतो. रबर वाढवले तर गोंद मधोमध फाटत नाही, पण भाव चढतो आणि वितळल्यावर तो इतका दाट राहतो की लहान यंत्राच्या फटीतून नीट उतरत नाही.

मोठ्या कारखान्यात हा गोंद साधारण १४० ते १६० अंशांवर वितळवून बारीक फटीतून कागदावर किंवा पॅडच्या पाठीवर ओढतात. कागद साधा नसतो. त्यावर सिलिकॉनचा इतका पातळ थर असतो की जवळजवळ कशालाच त्याच्यावर धरता येत नाही. हा कागद नसता तर पाकिटातील सर्व पॅड एकमेकांना चिकटून एक गठ्ठा झाला असता. बचत गटाच्या लहान केंद्रात गरम गोंदाच्या रूळावरून पॅड फिरवतात, किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी तयार पट्टी लावतात. रूळाच्या पद्धतीत थर कमीजास्त होतो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला नुसता रंग लावल्यासारखा. तयार पट्टी महाग पडते, पण थर सारखा मिळतो. सुरुवात करणाऱ्या गटाने आधी तयार पट्टीच वापरावी असे आमचे मत आहे, यंत्र विकणारा काहीही सांगो.

आता थोडा हिशेब. पट्टी १५ सेंटीमीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद धरली आणि एका चौरस मीटरला २५ ग्रॅम गोंद धरला, तर एका पॅडला साधारण एक दशांश ग्रॅम गोंद लागतो. म्हणजे एक किलो गोंदात सुमारे दहा हजार पॅड. किलोमागे २०० रुपये जास्त देऊन चांगला गोंद घेतला तरी पॅडमागे फरक पडतो तो दोन पैशांचा. थर थोडा जाड दिला तर तीन पैसे समजा. एका गटाचा माल एप्रिल-मेमध्ये दुकानांतून परत आला होता. पॅडची पट्टी सुटून वेष्टनालाच चिकटून बसली होती. पॅडमागे दोन-तीन पैसे वाचवले होते आणि परत आलेल्या प्रत्येक पॅडमागे दोन-अडीच रुपये बुडाले होते. त्यापेक्षा मोठे नुकसान असे की ज्या दुकानदाराने एकदा माल परत केला तो पुन्हा सहजी ठेवून घेत नाही. बँकेच्या खात्यात हप्ता थकल्याचे दिसते. तो कशाने थकला ते कागदावर कोठेच लिहिलेले नसते.

एप्रिल-मेचा उल्लेख सहज केलेला नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. भूकंपापूर्वीची दगड-मातीची, रुंद भिंतींची आणि माळवदाची घरे आत थंड असत. त्याच भिंतींनी त्या पहाटे माणसे गाडली, त्यामुळे त्या घरांचे गोडवे गाणे योग्य नाही. परंतु पुनर्वसनानंतरची स्लॅबची घरे आणि विशेषतः पत्र्याच्या खोल्या उन्हाळ्यात बाहेरच्या हवेहूनही तापतात हे खरेच आहे. गटाचा माल बहुधा अशाच खोलीत, खोक्यावर खोके रचून ठेवलेला असतो. उष्णतेने गोंद मऊ होतो, वरच्या खोक्यांच्या वजनाने हळूहळू पसरतो आणि पट्टीच्या कडेबाहेर येतो. ज्यांनी सेलोटेप लावून जोडलेल्या जुन्या नोटा हाताळल्या आहेत त्यांना हे चांगले ठाऊक असेल. उन्हाळ्यात टेपच्या कडेने गोंद ओघळतो आणि ती नोट शेजारच्या नोटेला घट्ट धरते. म्हणून माल खालच्या बाजूला, भिंतीपासून दूर, तीन-चार खोक्यांपेक्षा उंच न रचता ठेवावा. शक्य असेल तर शाळेच्या किंवा समाज मंदिराच्या पक्क्या, पूर्वेकडील खोलीत ठेवावा. उन्हाळ्याचा माल उन्हाळ्यापूर्वी फार आधी करून ठेवू नये.

उष्णतेनंतर कापड. परदेशात या गोंदाची चाचणी सुती कापडावर आणि नायलॉनच्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर करतात, कारण तेथील निकर तशाच असतात. सुती कापडाला लव असते, गोंद ती धरतो. नायलॉनचे कापड गुळगुळीत आणि ताणणारे असते. ते ताणले की गोंदही ताणला पाहिजे, नाही तर कडेपासून सुटू लागतो. आपल्याकडे आठवडी बाजारात मिळणाऱ्या निकर बहुधा मिश्र धाग्याच्या असतात. त्यातच पावसाळ्यात त्या पुरेशा वाळत नाहीत. आतले कपडे उघड्यावर दोरीवर घालण्याची लाज अजून गेलेली नाही. ते साडीखाली किंवा परकराखाली झाकून वाळत घातले जातात आणि ओलसरच अंगावर येतात. ओलसर कापडावर गोंद आणि धागा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि उत्तमातला उत्तम गोंदही धरत नाही. पॅड सरकते, डाग लागतो, मुलगी शाळेतून घरी येते आणि दोष पॅडला दिला जातो. आरोग्याच्या दृष्टीनेही ओलसर कपडा वाईटच. पॅड कसे वापरावे हे सांगणाऱ्या ताईंनी निकर उन्हात वाळवण्याचे सांगितले तर दोन्ही कामे होतील.

यापेक्षा मूलभूत प्रश्न असा की चिकट पट्टीला चिकटण्यासाठी निकर हवी. नऊवारी नेसणाऱ्या आजीला किंवा साडी-परकरावर शेतात जाणाऱ्या बाईला, जिने आयुष्यात निकर घातली नाही, तिला हे पॅड दिले तर ती ते कोठे चिकटवणार? तिच्यासाठी नाडीचे किंवा बटणाच्या पट्ट्याचे पॅडच सोयीचे. हे मागासलेपण नाही. या गोंदाची कल्पनाच मुळी विशिष्ट पोशाख गृहीत धरून केलेली आहे. पॅड वाटपाचे कार्यक्रम घेणाऱ्या संस्थांनी वाटपाबरोबर दोन सुती निकर दिल्या तर त्या वाटपाला काही अर्थ येतो. आपल्या मंडळानेही याचा विचार करावा अशी सूचना येथे करून ठेवतो.

पॅड स्वस्त व्हावे यासाठी गेल्या काही वर्षांत बरेच झाले. २०११ मध्ये केंद्राने आशा कार्यकर्तींमार्फत निवडक जिल्ह्यांत ६ रुपयांना ६ पॅड देण्याची योजना आणली. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली. तीत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ५ रुपयांत ८ पॅड देण्याचे आणि विक्री बचत गटांमार्फत करण्याचे ठरले होते. ऑगस्ट २०१९ पासून जनऔषधी केंद्रांत सुविधा पॅड एका रुपयाला एक असे मिळू लागले. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांनी लहान यंत्रे बनवून गावोगाव पॅड तयार होऊ शकते हे दाखवून दिले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांच्यावरून निघालेला पॅडमॅन हा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. पॅडवर जुलै २०१७ मध्ये १२ टक्के जीएसटी लागला होता, तो मोठ्या ओरडीनंतर जुलै २०१८ मध्ये शून्यावर आला. या शून्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. विक्री करमुक्त असल्यामुळे कच्च्या मालावर, म्हणजे लगदा, प्लास्टिक, सिलिकॉन कागद आणि गोंद यांवर, भरलेला कर परत मिळत नाही. तो खर्चातच धरावा लागतो. प्रकल्प अहवालात हा कर वगळून नफा काढलेला असेल तर तो नफा खरा नाही.

गोंद आणायचा कोठून? त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची आता गरज नाही. दौंडजवळ कुरकुंभ येथे हेंकेल या जर्मन कंपनीचा मोठा गोंद कारखाना २०२० मध्ये सुरू झाला. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे एच. बी. फुलर या अमेरिकन कंपनीचा कारखाना आहे. लातूरहून दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या रस्त्यावर. लहान गटाला थेट कारखान्यातून माल मिळणे कठीण, तो व्यापाऱ्यामार्फतच घ्यावा लागतो. अशा वेळी व्यापाऱ्याकडे त्या गोंदाचा माहितीचा कागद मागावा. प्रत्येक नावाजलेल्या गोंदाबरोबर तो असतो. त्यावर गोंद किती अंशांवर मऊ होतो, किती अंशांवर लावायचा, किती दिवस टिकतो आणि तो मुळात कोणत्या कामासाठी केलेला आहे, हे लिहिलेले असते. खोके बंद करण्याचा किंवा चपलेचा गोंदही दिसायला असाच पिवळसर असतो, आणि व्यापारी "हाच चालतो, सगळे हाच नेतात" असे सांगून तो खपवतो. कागद दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून माल घेऊ नये.

कागद मिळाला तरी स्वतः तपासून पाहावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक जुनी धुतलेली सुती निकर, एक नवी आणि एक नायलॉन मिश्रित, अशा तीन घ्याव्यात. प्रत्येकीवर आपले पॅड आणि बाजारातील एक नावाजलेले पॅड शेजारी शेजारी चिकटवून त्यावर किलोभर साखरेची पिशवी ठेवावी आणि दुपारभर पत्र्याच्या खोलीत राहू द्यावे. संध्याकाळी एका टोकापासून सावकाश सोलावे. कापडावर बोट फिरवून चिकट लागते का पाहावे. पट्टीवर कापडाची लव किती आली, पाठीचा पापुद्रा फाटला का, हेही पाहावे. दुसऱ्या तपासणीत पट्टीचा दोन बोटे तुकडा कापडावर दाबून, कापड उभे टांगून, पट्टीला खाली पावशेराचे वजन बांधावे. घड्याळ लावून कोणते आधी घसरते ते पाहावे. तिसरी तपासणी वेळखाऊ पण फार मोलाची आहे. प्रत्येक खेपेतील चार पाकिटे तारीख घालून बाजूला ठेवावीत आणि दर महिन्याला एक उघडावे. तेल झिरपले असेल, वास आला असेल, सिलिकॉन कागद निघत नसेल, तर ते ग्राहकाच्या आधी आपल्याला कळते. भारतीय मानक आयएस ५४०५ मध्ये पॅडवर ३० मिलिलीटर द्रव ठराविक गतीने सोडून तो खालून किंवा कडेने बाहेर येतो का हे पाहण्याची पद्धत दिलेली आहे. तीही गटाला घरच्या घरी करता येते. पण कागदावर ठेवलेले पॅड या परीक्षेत उत्तीर्ण झाले तरी अंगावर ते सरकले तर त्या ३० मिलिलीटरचा उपयोग नाही.

त्वचेविषयी चार शब्द. आपल्याकडे टिकलीच्या गोंदामुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. काही टिकल्यांच्या गोंदातील एका फिनॉल जातीच्या रसायनाने त्वचेचा रंग जातो, असे त्यांचे निदान आहे. पॅडचा गोंद कापडाच्या बाजूला असल्यामुळे तो सहसा अंगाला लागत नाही. परंतु पंख असलेल्या पॅडमध्ये पंखाची कड दुमडून मांडीच्या बाजूला येते आणि तेथे तो घासू शकतो. साध्या चीडच्या राळेची काहींना खाज सुटते, हेही वैद्यकशास्त्राला जुने माहीत आहे. त्यामुळे चांगल्या पॅडसाठी हायड्रोजनची प्रक्रिया केलेली, रंग आणि वास नसलेली राळ वापरतात. पट्टीच्या जागी सतत लाली किंवा खाज येत असेल तर "पाळीत होतेच" म्हणून सहन न करता पॅड बदलून पाहावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

राहता राहिला वापरून झाल्यानंतरचा प्रश्न. गोंद, प्लास्टिकचा पापुद्रा आणि लगदा हे तिन्ही एकजीव चिकटलेले असल्यामुळे पॅड कुजत नाही आणि सहजी वेगळेही करता येत नाही. शहरात हा कचरा हाताने वेचतात त्या कचरावेचक भगिनी. त्या बहुतेक आपल्याच समाजातील आहेत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली. २०१३ मध्ये या भगिनींनी वापरलेल्या पॅडची पोती थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिली. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते न उघडताच ओळखता येईल, ही मोहीमही त्यांनी चालवली. २०१६ च्या घनकचरा नियमांत प्रत्येक पॅडबरोबर ते गुंडाळण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली. पुण्यातच पॅडकेअर ही संस्था वापरलेली पॅड निर्जंतुक करून लगदा आणि प्लास्टिक वेगळे काढण्याचे काम करीत आहे.

गावात मात्र ना गाडी येते, ना असे केंद्र आहे. बहुतेक ठिकाणी पॅड उकिरड्यावर जाते, नाही तर जाळले जाते, आणि प्लास्टिक व गोंद जळताना निघणारा धूर जवळ उभ्या राहणाऱ्या बाईच्याच नाकात जातो. आपल्या गटांनी पॅडचे वेष्टन थोडे मोठे ठेवले तर वापरलेले पॅड घडी घालून, त्याची चिकट बाजू वेष्टनाच्या आतल्या अंगाला दाबून, नीट बंद करता येते. वापर संपल्यानंतरही त्या पट्टीत एवढी चिकटाई शिल्लक असतेच. वेष्टनाच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका छापून घेण्यास छापखानेवाला वेगळे पैसे मागणार नाही, कारण गटाचे नाव बहुधा त्याच रंगात छापलेले असते.